‘विच्छा माझी पुरी करा’ : हवालदाराला दिलेली मोकळी जागा

‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५ साली रंगमंचावर आलं. लेखक वसंत सबनीस, हवालदाराच्या भूमिकेत दादा कोंडके. प्रयोगांचा आकडा पुढे दीड हजारांच्या वर गेला. या लोकनाट्याचा विषय निघाला की हमखास दोनपैकी एक वाक्य कानावर पडतं. ‘सगळं दादांचंच होतं, संहिता नावापुरती.’ नाहीतर, ‘सबनीसांनी लिहून दिलं म्हणून दादा उभे राहिले.’ मी हौशी मंडळात वीसेक वर्षं ढोलकी वाजवतो, अधूनमधून वग, म्हणजे तमाशातलं मुख्य नाट्य, लिहितो. मला या दोन्ही वाक्यांनी कधी समाधान झालं नाही. ढोलकीवाला दोघांच्या मधे बसलेला असतो. संहिता त्याला पाठ असते आणि नट संहिता सोडून कुठे निघाला हेही त्यालाच आधी कळतं.

माझं म्हणणं असं आहे की सबनीसांनी संहितेत जागा मोकळ्या ठेवल्या होत्या, आणि त्या जागा कुठे संपतात हे दादांना पक्कं ठाऊक होतं. दादांची पुढची सगळी कारकीर्द, गाणी आणि सिनेमे धरून, या एका गोष्टीच्या उजेडात बघता येते.

गिरणगावातून

दादांचं मूळ नाव कृष्णा खंडेराव कोंडके. जन्म ८ ऑगस्ट १९३२, मुंबईत, नायगाव-लालबागच्या गिरणगावात. मूळ गाव भोर तालुक्यातलं इंगवली. गिरणगावात घाटावरची आणि कोकणातली माणसं एकाच चाळीत राहायची, एकाच नळावर भांडायची. एका बाजूला भजन, दुसऱ्या बाजूला शक्ती-तुरा, गणपतीत मेळे, कधी दशावतार, कधी तमाशा. दादांच्या बोलीला कोणत्याही एका गावाचा शिक्का का नाही, याचं उत्तर मला इथे सापडतं. ती गावाकडून आलेल्या पण मुंबईत वाढलेल्या माणसाची बोली आहे. म्हणूनच ती नागपूरच्या माणसालाही कळली आणि रत्नागिरीच्याही.

दादा तरुणपणी बँडमध्ये वाजवायचे, ‘अपना बाजार’मध्ये नोकरी करायचे आणि राष्ट्र सेवा दलात जायचे. सेवा दलाच्या कलापथकाने त्या काळात महाराष्ट्राला किती कलावंत दिले याची नीट मोजदाद व्हायला हवी. निळू फुले तिथलेच. कलापथकात माणूस एकाच वेळी गायचा, नाचायचा, सतरंज्या अंथरायचा आणि लोकांसमोर उभा राहून बोलायचा. समोरचा प्रेक्षक तिकीट काढून आलेला नसायचा, त्यामुळे कंटाळला की उठून जायचा. अशा प्रेक्षकाला धरून ठेवायला शिकलेल्या माणसाला पुढे नाट्यगृहात बसलेला प्रेक्षक सोपा वाटत असणार.

यात बँडचा वाटा लोक विसरतात. बँडमध्ये वाजवलेल्या माणसाला ठेका पायात लागतो. दादांच्या विनोदात वाक्य कुठे तोडायचं याची जी जाण आहे ती वाजवणाऱ्याची आहे, हे मी ढोलकीवाल्याच्या नात्याने खात्रीने सांगतो.

तमाशा कागदावर कसा आला

इथे थोडं मागे जायला हवं, कारण ‘विच्छा’ हे लिहिलेलं नाटक आहे आणि तमाशाचा वग मुळात लिहून करायची गोष्टच नव्हती. फडाचा, म्हणजे तमाशा मंडळीचा, मालक कथा सांगायचा. ‘राजा असा, प्रधान तसा, शेवटी हे होतं,’ एवढ्यावर नट उभे राहायचे. गाणी बांधलेली, बोलणं जागेवरचं. गण म्हणजे देवाचं नमन, मग कृष्ण-गौळणींच्या चेष्टेची गौळण, मग बतावणी म्हणजे विनोदी बोलाचाली, मग वग हा क्रम ठरलेला. आत काय बोलायचं ते त्या रात्रीचं.

स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली. पुढे ती अटी घालून उठवली. दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधारणेसाठी समितीही नेमली गेली. खेळ आधी लिहून दाखवायचा आणि मंजूर करून घ्यायचा ही पद्धत आली, आणि १९५४ पासून रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या रूपाने ती पक्की झाली. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्या फडांचे हाल झाले. मात्र त्याच काळात लिहिणारी माणसं या प्रकाराकडे वळली. अण्णा भाऊ साठे लाल बावट्याच्या कलापथकासाठी आधीपासून लिहीत होतेच. पु. ल. देशपांड्यांनी ‘पुढारी पाहिजे’ लिहिलं, व्यंकटेश माडगूळकरांनी ‘बिनबियांचे झाड’, शंकर पाटलांनी ‘कथा अकलेच्या कांद्याची’. तमाशाच्या या लिहिलेल्या रूपाला ‘लोकनाट्य’ म्हणायची पद्धत रुळली.

या लिखाणात एक अडचण होती. लेखक नट नव्हता आणि नट लेखक नव्हता. लेखकाने सगळं घट्ट लिहिलं तर बतावणी मेल्यासारखी होते. सैल सोडलं तर खेळ नटाच्या हातात जातो आणि दहाव्या प्रयोगाला कथा कुठे गेली तेच कळत नाही. ही ओढाताण मी आमच्या मंडळात अनेकदा पाहिली आहे. लेखक विंगेत उभा राहून कपाळाला हात लावतो आणि नट समोर टाळ्या घेत असतो.

सबनीसांनी काय बांधलं

सबनीस मूळचे सोलापूरचे, जन्म १९२३ चा. त्यांनी छपरी पलंगाचा वग घेतला आणि त्याभोवती ‘विच्छा’ उभं केलं. कथा चिमूटभर आहे. राज्यात कोतवालाची जागा रिकामी होते. ती आपल्या माणसाला मिळावी म्हणून प्रधान डाव टाकतो. हवालदाराच्या मनात मैना भरलेली, आणि मैनेला हवा असतो राजाचा छपरी पलंग. एवढ्यावर अख्खा वग चालतो.

कथा बारीक आहे, आणि या प्रकारात तेच तिचं बळ आहे. मधे दहा मिनिटं कुणी भरकटलं तरी परत येताना प्रेक्षकाला ‘आपण कुठे होतो’ असं आठवावं लागत नाही. जागा रिकामी आहे, पलंग हवा आहे, प्रधान टपला आहे. शेवटच्या रांगेतल्या पोरालाही हे लक्षात राहतं. पाच उपकथानकं असलेल्या वगात नट असा भटकू शकत नाही, कारण गेला तर परतीची वाट सापडत नाही.

मोकळी जागा म्हणजे नेमकं काय, ते एका छोट्या संवादावर दाखवतो. हा संवाद मी इथे नमुन्यासाठी रचलेला आहे, ‘विच्छा’मधला नाही.

राजा विचारतो, ‘हवालदार, यंदा राज्यात चोऱ्या किती झाल्या?’
हवालदार म्हणतो, ‘मोजल्या न्हाईत, सरकार.’
‘का?’
‘मोजायची वही चोरीला गेलीया.’

लेखकाने इथे सुरुवात बांधली आहे आणि शेवट बांधला आहे. ‘का?’ आणि ‘वही’ यांच्यामध्ये दार उघडं आहे. सोंगाड्या, म्हणजे तमाशातला विनोदी नट, हुशार असेल तर त्या दारातून बाहेर जाईल. गावातला रस्ता, पाण्याची टाकी, तालुक्याचा साहेब, मुंबईचं मंत्रालय, सगळीकडे फिरून येईल. राजा फक्त ‘मग?’ म्हणत राहील. पण येताना त्याने ‘वही चोरीला गेलीया’ याच वाक्यावर यायचं. ते वाक्य गाळलं तर आधीची सगळी फिरती वाया जाते, कारण लोक हसून घेतात आणि लगेच विसरतात. वहीवर परत आला की सगळी फिरती त्या एका वाक्यात जमा होते.

‘मग?’ म्हणणाऱ्या राजाचं मोल कुणी लिहीत नाही. माझ्या मते सोंगाड्याइतकंच अवघड काम त्याचं आहे. हसायचं नाही, घाई करायची नाही, आणि सोंगाड्या दमला आहे हे ओळखून नेमक्या क्षणी ‘मग वहीचं काय झालं?’ असा दोर टाकायचा. चांगला राजा मिळाला नाही म्हणून चांगला सोंगाड्या फुकट गेलेला मी पाहिला आहे.

‘ॲडिशन’ आणि परत येणं

नाट्यधंद्यात संहितेबाहेरच्या वाक्याला ‘ॲडिशन’ म्हणतात. दादांच्या ॲडिशनांची ख्याती मोठी. त्या दिवसाचं राजकारण, काँग्रेसचं सरकार, इंदिरा गांधी, काहीही हवालदाराच्या तोंडी यायचं. हवालदार ही भूमिका यासाठी अगदी सोयीची होती. तो सत्तेच्या सर्वांत खालच्या पायरीवर उभा असतो. वरच्याला सलाम ठोकतो आणि खालच्याला वरच्याच्या गोष्टी सांगतो. त्याने राजाबद्दल काही म्हटलं तर ती तक्रार वाटते, बंड वाटत नाही. त्यामुळे समोर बसलेला सरकारी अधिकारीसुद्धा हसू शकतो.

दादांच्या बोलण्यातली निरागसता हा दुसरा खांब. हवालदाराला आपण काही वावगं बोललो हे कळतच नाही असा चेहरा. बोलून झाल्यावर लोक का हसतात म्हणून तो गोंधळतो. या चेहऱ्यामुळे शब्दाचा दुसरा अर्थ प्रेक्षकाच्या पदरात पडतो आणि बोलणारा हात झटकून मोकळा. तमाशातल्या बतावणीत आणि शृंगारिक लावणीत हे तंत्र फार जुनं आहे, दादांनी ते चाळीतल्या साध्या पोराच्या अंगात घातलं.

त्याच काळात ‘गाढवाचं लग्न’ जोरात होतं. हरिभाऊ वडगावकरांचं लिखाण आणि सावळ्या कुंभार झालेले दादू इंदुरीकर. इंदुरीकर फडातून आलेले, पिढीजात तमासगीर. १९७३ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला आणि तो योग्यच होता. इंदुरीकरांचा सावळ्या मातीतून उगवल्यासारखा वाटायचा. दादांचा हवालदार शहरातून गावाकडे बघणाऱ्या माणसाचा आहे. दोघांत डावं-उजवं करायची गरज नाही, पण फरक लक्षात ठेवायला हवा. इंदुरीकरांना फडाची परंपरा पाठीशी होती. दादांकडे तशी परंपरा नव्हती, म्हणून त्यांना घट्ट संहितेची गरज जास्त होती. ती सबनीसांनी दिली.

आता आमच्या मंडळातली गोष्ट. एका तालुक्याच्या स्पर्धेत ‘विच्छा’मधला एक प्रवेश करायचं ठरलं. हवालदाराचं काम करणारा मुलगा गुणी होता. त्याने जुन्या ध्वनिफिती मिळवल्या आणि दादांच्या ॲडिशना शब्दन् शब्द पाठ केल्या. तालमीत आम्ही सगळे पोट धरून हसलो. प्रत्यक्ष प्रयोगात त्याने एका जुन्या पुढाऱ्यावरचं वाक्य टाकलं. पन्नाशीच्या पुढची मंडळी हसली, पण ते हसू आठवणीचं होतं. पुढच्या रांगेतली कॉलेजची पोरं एकमेकांकडे बघायला लागली. पंचनंतर थाप द्यायची म्हणून माझा हात ढोलकीच्या शाईवर उचललेला होता. हशा येईना, थाप देता येईना. शेवटी दिली ती उशिरा, आणि अशी उशिराची थाप प्रेक्षकाला ‘इथे हसायचं होतं’ असं सांगते. त्याहून वाईट काही नाही. पुढची पंधरा मिनिटं तो मुलगा पाठांतर म्हणत राहिला आणि प्रवेश थंड होत गेला.

त्या रात्री आम्ही संहिता उघडून बसलो. दादांच्या ॲडिशना बाजूला ठेवल्यावर खाली जे उरलं ते बघून मी थक्क झालो. प्रत्येक प्रश्नाला उत्तर नेमकं, प्रत्येक उत्तरात पुढच्या प्रश्नाचं बोट. एक वाक्य इकडचं तिकडे होत नव्हतं. ज्या लिखाणाला आम्ही ‘नावापुरतं’ समजत होतो त्यावरच सगळा डोलारा होता. दादांच्या मोकळ्या बोलण्याला आधार होता तो या ओळींचा.

कॅमेऱ्यासमोर मोकळी जागा कुठून आणायची?

‘विच्छा’ बघून आशा भोसले यांनी भालजी पेंढारकरांना दादांचं नाव सुचवलं आणि १९६९ साली ‘तांबडी माती’तून दादा पडद्यावर आले. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण तो भालजींचा सिनेमा होता, दादांचा नव्हे. दादांचा सिनेमा आला १९७१ मध्ये, ‘सोंगाड्या’. दिग्दर्शन गोविंद कुलकर्णी यांचं, लेखन पुन्हा सबनीसांचं, संगीत राम कदमांचं. शीर्षकच तमाशातलं. आईच्या धाकातला भोळा नाम्या आणि तमाशातली कलावती. उषा चव्हाण कलावती झाल्या, रत्नमालाबाई ‘आये’. दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात देव आनंद यांच्या ‘तेरे मेरे सपने’मुळे ‘सोंगाड्या’ला जागा मिळेना, तेव्हा बाळासाहेब ठाकरे आणि शिवसेना मधे पडली आणि चित्रपट लागला. तिथून पुढचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे. ओळीने नऊ चित्रपटांचा रौप्यमहोत्सव झाला आणि गिनेस बुकात नोंद झाली.

मला इथे प्रश्न पडतो तो वेगळा. सिनेमात ॲडिशन नसते. जे छापलं ते छापलं. कोल्हापूरला एक आणि जळगावला दुसरं असं होत नाही. रोज रात्री गावाप्रमाणे बदलणारा हवालदार एकदा फिल्मवर चढला की गोठतो. मग दादांचा प्राण कुठे गेला?

माझ्या मते दादांनी मोकळ्या जागेची जागा बदलली. नाटकात ती त्यांच्या तोंडी होती, सिनेमात त्यांनी ती प्रेक्षकाच्या डोक्यात नेली. द्व्यर्थी बोलण्याकडे मी असं बघतो. पडद्यावरचा नाम्या एकच वाक्य बोलतो, दुसरा अर्थ बघणारा आपापल्या वयाप्रमाणे भरतो. पोराला एक कळतं, बापाला दुसरं, आणि दोघंही एकमेकांकडे न बघता हसतात. फिल्म गोठलेली असली तरी हशा दर थिएटरात नवा तयार होतो. चट्ट्यापट्ट्यांची चड्डी, लोंबणारी नाडी आणि बावळट चेहरा ही याची जोड. हे सगळं मिळून ‘मी काहीच म्हटलेलं नाही’ असं सांगतं.

सेन्सॉर बोर्डाशी दादांची भांडणं होत राहिली त्याचं मूळही इथेच आहे. कात्री कुठे लावायची? शब्द तर साधा असतो.

गाणी

दादांचं गीतलेखन लोक गंमत म्हणून सोडून देतात. हा त्यांच्यावर अन्याय आहे. १९७५ च्या ‘पांडू हवालदार’पासून संगीत राम-लक्ष्मण यांचं, पुढे दादांसाठी आवाज महेंद्र कपूर यांचा आणि नायिकेसाठी उषा मंगेशकर यांचा. हा संच बसला आणि टिकला. ‘पांडू हवालदार’ दादांनी स्वतः दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट. रंगमंचावरचा हवालदार इथे पुन्हा वर्दीत आला, सोबतीला अशोक सराफ.

‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’मधलं ‘ढगाला लागली कळं’ हे दादांनी लिहिलेलं गाणं घ्या. ते ढोलकीवर बसवताना कळतं की ओळ कुठे तोडायची हे लिहितानाच ठरलेलं आहे. प्रत्येक ओळीचा शेवट आघातावर पडतो, गाणाऱ्याला ओढाताण करावी लागत नाही. शब्द रोजच्या बोलण्यातले आणि मात्रा चोख. ज्याने बँडमध्ये वाजवलं आहे त्यालाच असं लिहिता येतं.

दुसरं गाणं मुद्दाम सांगतो, ‘तुमचं आमचं जमलं’मधलं ‘अंजनीच्या सुता’. हेही दादांचंच. हनुमान जयंतीला गावोगावच्या देवळांत ते वाजतं आणि ऐकणाऱ्या कितीतरी लोकांना ते दादा कोंडक्यांनी लिहिलंय याचा पत्ता नसतो. मला त्यात तमाशातला गण दिसतो. खेळाच्या आधी देवाला हात जोडायचे, मग गौळणीची चेष्टा, मग वग. चेष्टा करणाऱ्याने आधी नमन केलेलं असतं, म्हणून त्याला चेष्टेचा परवाना असतो. दादांना ही वीण रक्तात ठाऊक होती.

मग अरुंद कुठे झालं

मी दादांवर मनापासून प्रेम करतो, म्हणून हेही लिहायला हवं. ‘विच्छा’ आणि ‘सोंगाड्या’ यांत दादांसमोर लेखक उभा होता. सबनीस हा स्वतःच्या पायावर उभा असलेला लेखक. दादा नसतानाही त्यांचं लिखाण चाललं. १९८८ च्या ‘अशी ही बनवाबनवी’ची पटकथा त्यांचीच. असा लेखक नटाला ‘इथून पुढे नाही’ असं सांगू शकतो. पुढे नायक, दिग्दर्शक, निर्माता, गीतकार हे सगळं दादांकडे आलं. संवादलेखक असले तरी शेवटचा शब्द दादांचा. ‘मग?’ म्हणणारा राजा उरला नाही.

त्याचा परिणाम शीर्षकांत दिसतो. सुरुवातीला दुसरा अर्थ प्रेक्षकाने शोधायचा होता. पुढे पोस्टरवरच डोळा मारला जाऊ लागला. ज्या विनोदाचं सगळं बळ बोलणाऱ्याच्या निरागसतेत होतं, तिथे जाहिरातीनेच निरागसता काढून घेतली. दादा पडद्यावर तसेच बावळट होते, पण प्रेक्षक आता ठरवून आलेला असायचा. मोकळी जागा आधीच भरलेली.

हिंदीत त्यांनी ‘तेरे मेरे बीच में’ (१९८४) आणि ‘अंधेरी रात में दिया तेरे हाथ में’ (१९८६) केले. मराठीतली जादू तिथे चालली नाही. शब्द हिंदीत नेता येतात, पण गिरणगावातल्या माणसाचं गावाशी असलेलं नातं त्या शब्दांबरोबर जात नाही. तो प्रेक्षकही तोवर हलला होता. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि गिरणगाव पूर्वीसारखं पुन्हा भरलं नाही. पगाराच्या शनिवारी बायकापोरांसह सिनेमाला जाणारा माणूस गावी परतला, नाहीतर मिळेल ते काम करू लागला. दादांची कारकीर्द त्या माणसाच्या खिशाशी आणि हसण्याशी बांधलेली होती. १४ मार्च १९९८ ला दादा गेले.

दुसरा हवालदार

संहिता नावापुरती होती असं म्हणणाऱ्यांसाठी माझ्याकडे एकच उत्तर आहे. १९८६ मध्ये विजय कदम यांनी ‘विच्छा माझी पुरी करा’ पुन्हा रंगमंचावर आणलं आणि त्याचे शेकडो प्रयोग केले. कदमांची शरीरयष्टी वेगळी, आवाज वेगळा, बोलण्याची लकब वेगळी. काळही एकवीस वर्षांनी पुढे गेलेला. तरी लोक हसले. सबनीसांनी सोडलेल्या जागा दादांच्या मापाच्या नव्हत्या म्हणून हे जमलं. तिथे दुसरा माणूस आपला काळ आणि आपलं गाव घेऊन उभा राहू शकत होता.

आमच्या त्या मुलाने हेच केलं. स्पर्धेनंतर काही महिन्यांनी एका गावच्या यात्रेत तोच प्रवेश पुन्हा ठरला. आम्ही संहितेत निळ्या पेन्सिलीने परतीच्या ओळी अधोरेखित केल्या. मधे काय बोलायचं ते कुणीच ठरवलं नाही. त्या दिवशी तो एसटीने येणार होता आणि गाडी अडीच तास उशिरा आली. प्रयोगाच्या दहा मिनिटं आधी तो धावत पोहोचला, तोंडाला रंगही धड लागला नाही.

राजाने विचारलं, चोर का पकडला नाहीस. हा म्हणाला, ‘निघालो व्हतो सरकार, पर यष्टी आली न्हाई.’

राजा म्हणाला, ‘मग?’

‘मग काय, स्टँडावर बसून ऱ्हायलो. बघतो तर चोर बी तिथंच. त्याच यष्टीची वाट बघत.’

सगळं गाव त्याच स्टँडवर बसणारं. हशा आला तो थांबेना. मी हात शाईवर धरून त्याच्या खांद्याकडे बघत होतो. त्याने घाई केली नाही. हसणं ओसरायला लागलं तसा राजाने पुन्हा ‘मग?’ टाकला, आणि पोरगं निळ्या पेन्सिलीच्या ओळीवर अलगद उतरलं. थाप बरोबर तिथे पडली.